राब, वरकस आणि सातबारा : शहापूर–मुरबाडच्या डोंगरगावांतील जीवन व जमीनधारणा

प्रस्तावना

ज्वालामुखीच्या परिसरातील शेतकरी समाजांचा विषय निघाला की जावा बेटावरील ब्रोमो पर्वताभोवतीची टेंगर लोकांची गावे किंवा इटलीतील एटनाच्या उतारावरील द्राक्षमळे ही उदाहरणे पुढे येतात. तेथील जमीन धोक्याची असली तरी कसदार असते. कारण अधूनमधून पडणारी राख मातीला नवी खनिजे पुरविते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांची नावे या मालिकेत सहसा घेतली जात नाहीत. वास्तविक हे दोन्ही तालुके ज्वालामुखीनेच घडविलेल्या भूमीवर वसलेले आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हारसाचे थरांवर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले आणि त्याची पश्चिमेकडील तुटलेली कड म्हणजे सह्याद्री. शहापूरमधील माहुली व आजोबा, मुरबाडमधील गोरखगड व सिद्धगड, माळशेज आणि नाणेघाटाचे कडे यांच्या उभ्या भिंतींवर हे थर आजही स्पष्ट दिसतात. डोळखांब, डेहणे, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी ही गावे आणि त्यांच्याभोवती विखुरलेल्या वाड्या-पाडे या कड्यांच्या पायथ्याशी आहेत.

फरक असा की येथील अग्नी कधीच विझलेला आहे. नवी राख पडत नाही. उलट वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात जाणारा पाऊस उतारावरची मूळचीच पातळ माती दरसाल धुऊन नेतो. त्यामुळे येथील शेतकऱ्याला आपल्या शेतापुरती राख स्वतःच निर्माण करावी लागली. या पद्धतीस 'राब' असे म्हणतात. राब भाजण्यासाठी झाडांचा टाहाळ लागतो, टाहाळासाठी उतारावरची झाडे लागतात आणि तो उतार कोणाच्या मालकीचा, या प्रश्नाभोवती या भागातील गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास फिरत राहिलेला दिसतो.

या इतिहासाची मांडणी आजवर बहुधा दोन वेगळ्या प्रकरणांत झाली आहे. एका प्रकरणात वनकायदे व आदिवासी येतात, तर दुसऱ्यात सावकार, कुळे व कूळकायदा येतो. ही विभागणी अभ्यासाच्या सोयीची असली तरी गावाच्या व्यवहाराशी जुळणारी नाही. खालचे भातखाचर आणि वरचा डोंगरउतार हे शेतकऱ्याच्या दृष्टीने एकाच शेताचे दोन भाग होते. ते कागदावर वेगळे झाले आणि त्या वेगळेपणातूनच येथील दारिद्र्याचा मोठा भाग उद्भवला, असे प्रस्तुत निबंधात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

राबाची शेती

भाताचे रोप तयार करण्यासाठी खाचराचा एक लहानसा, साधारणतः लावणीच्या क्षेत्राच्या दहाव्या हिश्श्याएवढा तुकडा निवडला जातो. हिवाळा सरता सरता डोंगरावरील झाडांच्या फांद्या छाटून त्यांचा टाहाळ खाली आणतात. आईन हे या कामी विशेष उपयोगी झाड. छाटलेल्या झाडाला पुन्हा फूट येते, म्हणून झाड न तोडता ठराविक वर्षांच्या अंतराने त्याच झाडाचा टाहाळ काढण्याची रीत होती. निवडलेल्या जागेवर शेण, टाहाळ, पातेरा व गवत यांचे थर रचतात आणि राख वाऱ्याने उडू नये म्हणून सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर पसरतात. चैत्र-वैशाखात वाऱ्याचा रोख पाहून हा राब अगदी सावकाश भाजला जातो. आग भडकली तर राब वाया गेला असे समजतात. पहिल्या पावसाच्या सुमारास त्यात बी पेरले जाते आणि तीनचार आठवड्यांनी रोपे उपटून चिखलणी केलेल्या खाचरांत आवणी होते.

बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांना हा प्रकार प्रथम रानटी व उधळेपणाचा वाटला. परंतु त्यामागे निश्चित कारणे होती. भाजणीने तणाचे बी नष्ट होते, राखेतून पालाश मिळते, भाजलेली माती भुसभुशीत होऊन रोप मुळासकट सहज उपटता येते आणि रोप जोमदार असल्याने कड्यालगतच्या मुसळधार पावसातही ते तग धरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने राबाचे प्रयोग केले. हिंदुस्थानातील शेतीच्या पाहणीसाठी आलेले डॉ. जॉन ऑगस्टस व्होलकर यांनी १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली आणि शेतकऱ्यांच्या रूढींकडे अज्ञान म्हणून न पाहता त्यांचे प्रयोजन समजून घ्यावे, अशी एकंदर भूमिका मांडली. वनखात्यातील मंडळींना हा दृष्टिकोन मानवला नाही. पण त्यांचा रोख मुळात शेतीवर नव्हताच, तो लाकडावर होता.

खाचराच्या वर जी डोंगरउताराची जमीन असे तिला 'वरकस' म्हणत. या शब्दात दुय्यमपणाची छटा आहे आणि महसुली दप्तरानेही वरकस जमिनीला तसेच वागविले. गावाच्या जीवनात मात्र तिचे स्थान दुय्यम नव्हते. वरकसावर पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी आणि नंतर तीळ किंवा खुरासणी घेऊन ती जमीन काही वर्षे ओसाड सोडली जाई. ओसाड वर्षांत तिच्यावर गवत व झुडपे वाढत, गुरे चरत आणि पुढच्या राबाचा टाहाळ तयार होई. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात भरणारी म्हशाची यात्रा गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथून आणलेली बैलजोडी पोसण्यासाठीही हाच उतार लागे. भात हे विकण्याचे व देणे फेडण्याचे पीक होते. घरात खाल्ली जाई ती बहुतांशी नाचणीची भाकरी व वरीचा भात. सण सोडता भाताचा भात हे अनेक घरांत अप्रूप होते.

खाचर नसलेल्या ठाकूर व कातकरी कुटुंबांची तर सारी भिस्त या उतारावरच होती. कुणबी व आगरी शेतकऱ्याला उतार खाचरासाठी हवा होता. ठाकूर-कातकऱ्यांना तो स्वतःच शेत होता. महादेव कोळी दोन्ही प्रकारांत आढळतात. उतारावरील हक्क कमी होऊ लागले तेव्हा सर्वांवर एकाच प्रमाणात संकट आले नाही, हे समजण्यासाठी हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

मोजणीपूर्वीची धारणा

कल्याण बंदराकडून नाणेघाटमार्गे जुन्नरकडे जाणारा रस्ता सातवाहन काळापासून वाहता होता. घाटमाथ्यावरील लेण्यात नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. माहुलीच्या किल्ल्यावर १६३६ साली शहाजीराजांना शरणागती पत्करावी लागली. मोठ्या घडामोडी या प्रदेशातून अशा येत-जात राहिल्या, तरी पायथ्याच्या रानातील जमीन राज्यकर्त्यांच्या दृष्टीने फारशी मोलाची नव्हती. माणसे कमी व रान अफाट, अशा ठिकाणी राज्याला हवा असतो तो जमीन कसणारा माणूस. त्यामुळे सारा आकारण्याच्या पद्धतीही मोजणीवर आधारलेल्या नव्हत्या. एकूण जमिनीबद्दल ठोक रक्कम ठरविण्याची हुंडाबंदी आणि नांगरामागे कर घेण्याची नांगरबंदी या पद्धती उत्तर कोकणाच्या डोंगरी भागात रूढ होत्या. एका नांगराने कसता येईल तेवढे खाचर आणि त्याला पुरेल एवढा उतार, असा त्याचा व्यवहारी अर्थ होता. उताराची वेगळी हद्द कोणी आखली नव्हती, कारण तशी गरजच पडली नव्हती.

हा काळ सुखाचा होता असे मात्र समजू नये. इजाफत गावांतील वतनदार, वेठ, सक्तीची मोळी व गवत हे सारे त्यात होते. इंग्रजी अमलापूर्वी आदिवासी 'जंगलचा राजा' होता, ही अलीकडे वारंवार केली जाणारी मांडणी पुराव्यावर फार काळ टिकत नाही. एवढेच म्हणता येईल की वतनदाराचा अधिकार माणसाच्या श्रमावर होता. झाडाची फांदी तोडणे हा गुन्हा नव्हता.

उताराचे दोन भाग

१८५० नंतरच्या दशकांत मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीचे काम ठाणे जिल्ह्यात पसरले. प्रत्येक क्षेत्राला क्रमांक मिळाला, वर्ग ठरला, आकार बसला. भातजमीन व वरकस यांची नोंद स्वतंत्र झाली. वरकसाचा आकार अल्प होता, त्यामुळे शेतकऱ्याच्या दृष्टीने तो परवडणारा होता. पण ज्या उतारावर त्या वर्षी कोणी नांगर किंवा कुदळ घातली नव्हती, तो कोणाच्याही खाती लागला नाही. ओसाडीचे वर्ष हा शेतीचाच भाग आहे, हे मोजणीच्या रकान्यात बसण्यासारखे नव्हते. शिवाय साग व शिसवीसारख्या मौल्यवान झाडांवर सरकारने आपला हक्क राखला. म्हणजे वरकस खातेदाराचे, पण त्यावरील उत्तम लाकूड सरकारचे, अशी स्थिती झाली.

याच सुमारास आगगाडी आली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५५ मध्ये वासिंदला आणि १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोहोचला. लोहमार्गाला स्लीपर हवे होते, इंजिनांना व वाढत्या मुंबईला जळण हवे होते. कालपर्यंत दुर्गम असलेले रान बाजारपेठेपासून काही तासांच्या अंतरावर आले. १८६५ च्या पहिल्या व १८७८ च्या दुसऱ्या वनकायद्याची अंमलबजावणी ठाणे जिल्ह्यात विशेष तीव्रतेने झाली, त्यामागे हे कारण होते. १८७८ च्या कायद्यानुसार राखीव वन जाहीर करण्यापूर्वी हक्क सांगण्यासाठी किमान तीन महिन्यांची मुदत देणे बंधनकारक होते. अक्षरशत्रू माणसाने, तालुक्याच्या गावी जाऊन, आपण पिढ्यान्‌पिढ्या जेथून टाहाळ आणतो त्या उताराचे वर्णन अर्जात करावे अशी ही अपेक्षा होती. मुदतीत न सांगितलेला हक्क बुडाला.

जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ मध्ये निघाले. त्यात राबाचे वर्णन बारकाईने दिले आहे. म्हणजे सरकारचा एक हात ज्या पद्धतीची नोंद घेत होता, तिच्यासाठी लागणारी झाडे त्याच वेळी दुसरा हात बंद करीत होता. असंतोष इतका वाढला की ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. आयोगापुढील वादाचा केंद्रबिंदू राबच होता. भातशेतीला किती टाहाळ लागतो, तो खातेदाराच्या स्वतःच्या वरकसावरून पुरतो काय, आणि न पुरल्यास राखीव वनातून तो घेऊ द्यावा काय, यावर साक्षी झाल्या. इंद्रा मुन्शी यांनी ठाणे जिल्ह्यातील पारंपरिक शेती व वनकायदे यांचा संघर्ष अभ्यासताना या साधनांचा चांगला उपयोग केला आहे. आयोगानंतर काही सवलती मिळाल्या. मात्र त्यांचे स्वरूप हक्काचे नव्हते, मेहेरबानीचे होते. रखवालदाराची मर्जी, कोंबडी, तांदूळ, फुकटची मोळी यांवर सवलत अवलंबून राहिली.

येथे एक गोष्ट नोंदवावी लागेल. वन आयोगासमोर जो आवाज पोहोचला तो मुख्यतः खातेदाराचा होता. ज्यांच्या नावावर खाचर होते त्यांना राबाचा प्रश्न मांडता आला आणि त्यांच्या बाजूने बोलणारे सुशिक्षित लोक व जमीनदारही होते. ठाकूर-कातकऱ्यांची उतारावरील फिरती शेती हा प्रश्न तेवढ्या सहानुभूतीने कोणी मांडला नाही. 'राब' हे शेतीचे साधन ठरले, तर 'दळी' हे जंगलाचे नुकसान ठरले.

सावकार, गवत आणि सिद्धगड

टाहाळ कमी झाला की रोप कमजोर, रोप कमजोर की भात कमी, आणि भात कमी की आषाढात कणगी रिकामी, अशी ही साखळी होती. नाचणी-वरीची जमीन वनात गेल्याने पावसाळ्यातील पोटाचा आधारही गेला. मग खावटीचे कर्ज काढावे लागे. एक मण भाताला सव्वा मण परत करण्याची सवाई किंवा दीड मण परत करण्याची दिढी हे दर प्रचलित होते. आवणीच्या वेळी घेतलेले धान्य चारपाच महिन्यांत कापणीला परत करायचे असल्याने वार्षिक व्याजाच्या हिशेबाने हा दर फारच जबर होई. कर्जापोटी आधी पीक, मग बैल आणि शेवटी खाचर सावकाराकडे जाई. मूळ मालक त्याच खाचरात खंडाने कूळ म्हणून राहत असे. चांगल्या पावसाच्या या प्रदेशात शेतकरी जमीन सोडून जात नसे. तो तेथेच राहून मालकाचा कूळ होत असे.

जमीन सावकाराकडे गेली की तिच्याबरोबरचे वरकसही जाई. त्या वरकसाला आता नवे मोल आले होते. मुंबईतील घोड्यांच्या पागा व म्हशींचे गोठे यांना गवत लागत होते आणि लोहमार्गाने ते पाठविता येत होते. नाचणीपेक्षा गवत फायद्याचे ठरल्यावर अनेक वरकस जमिनींची कुरणे झाली. कसणाऱ्याचे काम राहिले ते मजुरीने गवत कापण्याचे. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात १९४५ पासून वारल्यांचा जो लढा उभा राहिला, त्यात गवतकापणीच्या मजुरीला मध्यवर्ती स्थान होते. त्या वर्षी टिटवाळ्याला भरलेल्या किसान सभेच्या अधिवेशनाला तेथील आदिवासी आले होते. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' या लढ्यामुळे सर्वपरिचित आहे.

मुरबाडच्या इतिहासात सावकारीला मिळालेले उत्तर यापेक्षा वेगळ्या घाटणीचे आहे व त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे वकील १९४२ च्या लढ्यातील हुतात्मे म्हणून ओळखले जातात. विजेचे मनोरे पाडणारा आझाद दस्ता आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात त्यांना व हिराजी पाटील यांना आलेले मरण, एवढाच भाग सहसा सांगितला जातो. त्याआधीच्या काळात त्यांनी कर्जत भागात शाळा काढल्या होत्या आणि शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारल्या होत्या. सावकाराकडे न जाता शेतकऱ्याला कोठीतून माफक वाढीवर भात मिळावा, ही त्यामागील योजना. कोतवालांना मिळालेला आश्रय समजून घ्यायचा तर मनोऱ्यांइतकाच या कोठ्यांचा विचार करावा लागतो. आषाढातील खावटी ज्याने सोडविली, त्याला मार्गशीर्षात रानाने लपविले. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर जो स्मृतिदिन होतो, त्यात धान्यकोठ्यांचा उल्लेख अधिक व्हावा असे वाटते.

कायद्याने दिलेले आणि घेतलेले

स्वातंत्र्यानंतरचा मोठा बदल म्हणजे १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि त्यातील पुढील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसत असलेला कूळ मालक मानला गेला व कलम ३२ ग प्रमाणे तिची किंमत ठरवायची होती. शहापूर-मुरबाडमधील अनेक कुणबी कुटुंबांची खाचरे या कायद्याने परत मिळाली, हे निर्विवाद आहे. ज्यांची वहिवाट तोंडी होती व पीकपाहणीत ज्यांचे नाव लागले नव्हते, ती माणसे मागे राहिली. त्यांत आदिवासींचे प्रमाण मोठे होते. आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत करण्यासाठी १९७४ चा स्वतंत्र कायदा करावा लागला, यातच पहिल्या कायद्याची मर्यादा दिसते.

परंतु खाचराचा प्रश्न सुटत असतानाच वरकसाचा प्रश्न नव्याने बिघडला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील कलम ३५(३) खाली १९५० च्या दशकात ठाणे जिल्ह्यात खाजगी जमिनींबाबत नोटिसा निघाल्या. त्यापुढे बराच काळ काही झाले नाही. त्यानंतर महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ हा ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झाला आणि खाजगी वने शासनाकडे निहित झाली. वनाच्या व्याख्येत नोटिशीतील जमीनही येत होती. म्हणजे झाडे राखून टाहाळ काढणारा शेतकरी कायद्याने 'वनमालक' ठरला आणि त्याचे वरकस गेले. झाडे आधीच तोडून विकलेल्या वरकसाला वन म्हणणे तुलनेने कठीण होते. झाडे राखल्याचा हा परिणाम इतिहासात उल्लेखनीय मानावा लागेल. १९७८ मध्ये कलम २२ अ घालून, ज्यांची एकूण धारणा १२ हेक्टरपेक्षा जास्त नव्हती अशांना जमीन परत देण्याची तरतूद झाली. ती चांगली होती, पण परत मिळविण्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी, पुन्हा मुदत.

अनेकांना आपली जमीन गेल्याचे कळलेच नाही. ते ती कसत राहिले, साराही भरत राहिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर महसुली दप्तरात वनांच्या नोंदी घेण्याचे काम वेगाने झाले, तेव्हा सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात वनाचा शेरा आढळू लागला. बँकेचे कर्ज, वाटणी, वारसनोंद या प्रत्येक कामाच्या वेळी तो शेरा आडवा येई. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज अँड बॉइस प्रकरणात, केवळ नोटीस निघाली एवढ्यावर जमीन खाजगी वन ठरत नाही, ती मालकावर बजावली जाणे आवश्यक आहे, असा निर्णय दिला. निर्णय मिळविला तो एका मोठ्या उद्योगसमूहाने. त्याचा लाभ तत्त्वतः डोळखांबच्या शेतकऱ्यालाही आहे. मात्र साठ वर्षांपूर्वीची नोटीस बजावली गेली की नाही, याचा कागद शोधण्याची ऐपत दोघांची सारखी नाही.

पाणी

तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर १९५७ मध्ये मोडकसागर, पुढे भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यात व त्याच्या सीमेवर झाली. बारवी धरणाच्या वाढीव उंचीने मुरबाडमधील वस्त्या उठविल्या. धरणासाठी संपादन होताना मोबदला सातबाऱ्यावरून ठरतो. वरच्या उतारावरून येणारे अर्धे उत्पन्न त्यात दिसत नाही. काळ्या पाषाणात पाणी मुरत नसल्याने पायथ्याच्या विहिरी फाल्गुनात तळ गाठतात आणि मुंबईची धरणे उशाशी असलेल्या गावांत टँकरची वाट पाहावी लागते, ही विसंगती वृत्तपत्रांतून दर उन्हाळ्यात येतेच. वनविषयक मंजुरीअभावी मुरबाडमधील काळू धरणाचे काम उच्च न्यायालयाने २०१२ साली थांबविले. श्रमिक मुक्ती संघटनेच्या याचिकेवरील हा आदेश येथील लोकांच्या न्यायालयीन लढ्यातील महत्त्वाचा टप्पा होय.

पुराव्याचा प्रश्न

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम २००६ साली संमत होऊन ३१ डिसेंबर २००७ पासून अंमलात आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेली वनजमीन, कमाल ४ हेक्टरपर्यंत, कसणाऱ्याच्या नावे करण्याची त्यात तरतूद आहे. सामूहिक हक्कांचीही आहे, आणि राबाचा टाहाळ, चराई व गवत यांचा विचार करता ती अधिक मोलाची आहे. पण दोन्ही तालुक्यांत भर राहिला तो वैयक्तिक दाव्यांवर. पूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात, त्यामुळे ग्रामसभेचे अधिकारही दोन शेजारच्या गावांत सारखे नाहीत.

दाव्यासाठी पुरावा लागतो. उतारावर शेती केल्याबद्दल पूर्वी वनखात्याने केलेल्या दंडाच्या पावत्या ज्यांनी जपून ठेवल्या, त्यांच्याकडे ताब्याचा पुरावा तयार होता. ज्यांनी रखवालदाराला कोंबडी देऊन दंड टाळला, त्यांच्याजवळ काहीच नव्हते. कातकऱ्यांची स्थिती सर्वांत बिकट. दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जाणारे कुटुंब पावसाच्या तोंडी परत येते. दावे, मोजणी, ग्रामसभा ही कामे नेमकी त्याच्या गैरहजेरीच्या महिन्यांत होतात. पुष्कळ ठिकाणी तर कातकऱ्याचे घर ज्या जमिनीवर उभे आहे तीही दुसऱ्याच्या नावावर असते. डॅनियल बकल्स व राजीव खेडकर यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात रायगड व ठाणे जिल्ह्यांतील कातकरी वाड्यांवरील बेदखलीचे जे चित्र दिले आहे, ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. जमिनीचे भाव जसजसे फार्महाऊस व महामार्गामुळे चढत गेले, तसतसा हा धोका वाढला. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो व तो जून २०२५ मध्ये खुला झाला.

कुणबी शेतकऱ्याची अडचण निराळी आहे. तो अनुसूचित जमातीत नसल्याने त्याला 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. त्याला १९३० पूर्वीचा कागद हवा. २००८ च्या नियमांनी ग्राह्य पुराव्यांत गॅझेटियर, मोजणी व आकारणीचे अहवाल, जमिनीवरील बांधबंदिस्ती आणि वृद्धांचे जबाब यांचा समावेश केला आहे. त्यामुळे १८८२ च्या गॅझेटियरमधील राबाचे वर्णन आणि १८८७ च्या आयोगापुढील साक्षी यांना केवळ इतिहासाच्या विद्यार्थ्यांपुरते महत्त्व उरलेले नाही. या साधनांतील शहापूर-मुरबाडविषयीचा मजकूर गाववार काढून मराठीत उपलब्ध करून देणे हे परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज हाती घेता येण्यासारखे काम आहे.

मोजणीच्या दिवशी समिती उतारावर येते. नाचणी उभी असलेला तुकडा मोजला जातो. त्याच्या शेजारचा, तीन वर्षांपूर्वी वरी घेऊन सोडलेला तुकडा झुडपांनी भरलेला असतो आणि उपग्रहाच्या छायाचित्रात तो हिरवा दिसतो. दावेदार आईनाच्या बुंध्यावरील छाटणीच्या जुन्या गाठी दाखवितो आणि त्याच्या वडिलांनी येथून राबाचा टाहाळ नेल्याचे गावातील एखादा वृद्ध सांगतो. पंचनाम्यात त्या तुकड्यासमोर 'जंगल' असे लिहिले जाते.